दारात उभे असलेले वार्धक्य

अमेरिकेतील मध्यमवर्गीय उपनगरांत अलीकडे एक दृश्य वारंवार दिसू लागले आहे. मुलाचे किंवा मुलीचे घर, घरापुढे मोटार उभी करण्याची फरसबंद जागा आणि त्या जागेत उभे असलेले एक मोटारघर. आत एक पलंग, दोन शेगड्या, एवढेसे न्हाणीघर, पाण्याची टाकी. आणि साठी-सत्तरी ओलांडलेले जोडपे किंवा एकटी राहिलेली आजी. घरातून ओढलेल्या तारेवर आतला दिवा जळतो. सकाळी आजी मोटारघरातून उतरून घरात जाते, नातवंडांना उठविते, त्यांचा डबा भरते, त्यांना शाळेच्या बसवर पोचविते. संध्याकाळी मुलगी-जावई कामावरून परतले की ती आपल्या चाकांवरच्या खोलीत परत येते. काही दिवसांनी कोणी शेजारी तक्रार करतो. नगरपालिकेची नोटीस येते : निवासी वस्तीत वाहनामध्ये वास्तव्य करण्यास मनाई आहे. मोटारघर हलते आणि गावाबाहेरच्या भाड्याच्या तळावर जाऊन उभे राहते. आजीची नातवंडे मात्र जागची हलत नाहीत. ती दररोज तिची वाट पाहतात.

या दृश्याची दोन स्पष्टीकरणे मोठ्या आत्मविश्वासाने दिली जातात. पहिले तिकडच्या जाहिरातदारांचे. त्यांच्या मते हे स्वातंत्र्य आहे! आयुष्यभर घराचे हप्ते फेडले, आता मोकळा रस्ता, मोकळे आकाश आणि मनाला येईल तेव्हा मुलांच्या दारात मुक्काम. दुसरे स्पष्टीकरण आपल्याकडच्या संस्कृतिरक्षकांचे. ते म्हणतात, पाहा, पाश्चात्त्यांनी जन्मदात्यांना घराबाहेर गाडीत ठेवले. आमच्याकडे असे होत नाही, कारण आमच्याकडे कुटुंब आहे. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोघांचे एका बाबतीत पूर्ण एकमत आहे : प्रश्न व्यक्तीच्या आवडीचा किंवा तिच्या संस्कारांचा आहे, अर्थव्यवस्थेचा नाही. नेमका हाच भ्रम दूर करणे अगत्याचे आहे.

स्वातंत्र्याच्या दाव्याला एक साधी कसोटी लावावी. मोटारघर विकून टाकावेसे वाटले, तर परतावयास घर आहे काय? ज्यांचे स्वतःचे घर शाबूत आहे, ज्यांच्या गाठीशी पुंजी आहे आणि जे लाखो डॉलरचे वाहन घेऊन हिवाळ्यात अॅरिझोनाच्या उबेला जातात, त्यांची ही हौस आहे; त्यांच्या हौसेशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी घर विकले किंवा गमावले म्हणून चाकांचा आसरा घेतला, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो. पर्याय नसताना केलेल्या गोष्टीला निवड म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. शिवाय घराची किंमत सामान्यतः वाढते, मोटारघराची पहिल्या दिवसापासून घटते. दहा, पंधरा, प्रसंगी वीस वर्षांच्या कर्जाने घेतलेली ही वस्तू कर्ज फिटण्यापूर्वीच जुनाट होते. ज्याला जाहिरातीत मालमत्ता म्हटले जाते, ते म्हाताऱ्या माणसाच्या हाती पडते तेव्हा गळके छप्पर असलेले एक ओझे झालेले असते.

हे घडले कसे? त्यासाठी इंडियाना राज्यातील दोन शेजारी शहरांकडे पाहावे. साउथ बेंड येथे स्टुडेबेकर बंधूंनी १८५२ साली घोड्यांच्या गाड्या बनविण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्या कारखान्यातून मोटारी निघू लागल्या. डिसेंबर १९६३ मध्ये तेथील मोटारींचे उत्पादन बंद झाले. कामगारांना पेन्शनचे आश्वासन होते, पण ते पुरे करण्याइतका पैसा निधीत नव्हता. साठीला पोचलेल्यांना त्यांचे पेन्शन मिळाले. चाळीस ते साठ या वयोगटातील हजारो कामगारांना हक्काच्या रकमेच्या सुमारे १५ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. त्याहून तरुण असलेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. याच साउथ बेंडला लागून असलेले एल्कहार्ट हे आज अमेरिकेतील मोटारघरांच्या उत्पादनाचे मुख्य केंद्र आहे. एका शहरात पेन्शन बुडाले आणि शेजारच्या शहरात घरांना चाके बसू लागली, हा योगायोग असेल. परंतु अमेरिकी श्रमिकाच्या गेल्या साठ वर्षांच्या वाटचालीचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण!

स्टुडेबेकर प्रकरणाने खळबळ माजली आणि १९७४ साली अमेरिकी संसदेने कामगारांच्या पेन्शनला संरक्षण देणारा कायदा केला. त्या कायद्याने दिलेल्या वचनाला विम्याचे कवच मिळाले. पण मालकाने वचन दिलेच पाहिजे, असे मात्र कायद्याने कोठेही म्हटले नाही. भांडवलदारांनी या पळवाटेचा अर्थ अचूक ओळखला. १९७८ च्या महसूल कायद्यात ४०१(के) नावाचे एक कलम होते. वेतनाचा काही भाग करमुक्त ठेवण्याची ती एक किरकोळ तरतूद. १९८० नंतर तिच्याच आधारे निश्चित पेन्शनची जागा कामगाराच्या वैयक्तिक बचतखात्याने घेतली. हे खाते शेअर बाजाराशी बांधलेले. पूर्वी माणूस किती वर्षे जगेल आणि बाजार चढेल की पडेल, याची जोखीम मालकाच्या शिरावर होती. ती आता एकेकट्या कामगाराच्या शिरावर आली. आज खाजगी क्षेत्रात निश्चित पेन्शनची योजना सुमारे १५ टक्के कामगारांनाच उपलब्ध आहे. आणि २००८ साली जेव्हा बाजार कोसळून शेअर निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वर्षात वितळला, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्यांची पुंजीही वितळली. घरांच्या किमती त्याच सुमारास पडल्या. बँका सरकारी पैशाने सावरल्या गेल्या. ज्यांची घरे जप्त झाली, त्यांना सावरावयास मात्र कोणी पुढे आले नाही.

राहिली ती १९३५ साली रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत आलेली सोशल सिक्युरिटी. अमेरिकेतील वृद्धांना भिकेपासून वाचविण्याचे श्रेय याच योजनेला आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु १९८३ साली रेगन यांच्या राजवटीत पूर्ण पेन्शनचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत नेण्याचे ठरले. बासष्टाव्या वर्षी थकलेल्या शरीराने पेन्शन मागितले, तर १९६० नंतर जन्मलेल्यांच्या रकमेत कायमची ३० टक्के कपात होते. २०२५ च्या प्रारंभी निवृत्त कामगाराला मिळणारी सरासरी रक्कम दरमहा दोन हजार डॉलरच्या आत होती, आणि सरासरी म्हटले की तिच्याहून कमी मिळणारे लक्षावधी असतात. दुसरीकडे हार्वर्ड विद्यापीठाच्या गृहनिर्माण अभ्यास केंद्राने दाखविले आहे की, २०२१ साली वृद्धांच्या सुमारे एक कोटी बारा लाख कुटुंबांना उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून अधिक रक्कम निवाऱ्यावरच खर्च करावी लागत होती. घरभाडे द्यावे तर औषध राहते, औषध घ्यावे तर भाडे राहते. अशा माणसाने भाडेच रद्द करून गाडीत मुक्काम हलविला, तर त्यात आश्चर्य कसले?

या चाकांवरच्या वृद्धांचे पुढे काय होते, याची नोंद जेसिका ब्रूडर या महिला पत्रकाराने २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात केली; त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्करही मिळाले. ज्या वयात विश्रांती घ्यावयाची, त्या वयात ही माणसे हंगामी मजुरीच्या शोधात फिरतात. अॅमेझॉन कंपनीने २००८ पासून अनेक वर्षे अशा मोटारघरवाल्यांसाठी खास भरतीच चालविली होती. नाताळच्या हंगामात गोदामात दिवसभर चालावयाचे, आणि हंगाम संपला की पुन्हा रस्त्याला लागावयाचे. उत्तर डाकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटाच्या काढणीला अशीच माणसे येतात. बारा बारा तासांच्या पाळ्या करतात. मराठवाड्यातून ऊसतोडणीला जाणाऱ्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटू नये. आपला कोयतेवाला कारखान्याच्या फडावर जाऊन पाचटाची कोपी बांधतो. अमेरिकेतील हा म्हातारा आपली कोपी स्वतःच्या खर्चाने, स्वतःचे पेट्रोल जाळून सोबत घेऊन येतो. मालकाला ना घर द्यावे लागते, ना वर्षभराची नोकरी.

परंतु सर्वच वृद्ध रानोमाळ फिरत नाहीत. अनेकांच्या गाड्यांची तोंडे शेवटी मुलांच्या गावाकडे वळतात. हा ओढा मायेचा आहे, यात शंका नाही. तथापि मायेच्या पोटात दडलेला श्रमही ओळखला पाहिजे. मुलांना आईवडील जवळ हवे असतात, कारण त्यांनाही दुसरा आधार नसतो. सार्वजनिक पाळणाघरांची राष्ट्रव्यापी व्यवस्था उभारण्याचे विधेयक अमेरिकी संसदेने १९७१ साली मंजूर केले होते. अध्यक्ष निक्सन यांनी त्याच वर्षी डिसेंबरात त्यावर नकाराधिकार वापरला. तेव्हापासून लहान मुलांचा सांभाळ हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न राहिला. बाळंतपणाच्या पगारी रजेचा राष्ट्रीय कायदा खाजगी कामगारांसाठी तेथे आजही नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, पण ती बिनपगारी, आणि पन्नासांहून कमी नोकर असलेल्या मालकाला तीही बंधनकारक नाही. अशा स्थितीत नोकरी करणाऱ्या आईने जावे कोठे? साहजिकच दारात उभ्या असलेल्या मोटारघरातील आजीकडे.

येथे स्त्रीवर होणारा दुहेरी अन्याय ध्यानात घेण्यासारखा आहे. सोशल सिक्युरिटीची रक्कम कमाईच्या सर्वोत्तम ३५ वर्षांवरून ठरते. ज्या वर्षी मजुरी नाही, त्या वर्षाची नोंद शून्य. स्वतःची मुले वाढविण्यासाठी जिने दहा वर्षे नोकरी सोडली, तिच्या हिशेबात अनेकदा त्या वर्षांची शून्ये येऊन बसतात आणि तिचे पेन्शन घटते. घटलेल्या पेन्शनमुळे तिला घर परवडत नाही, म्हणून ती मुलीच्या दारात मोटारघर उभे करते. आणि तेथे पुन्हा नातवंडे सांभाळते. या श्रमाचीही नोंद शून्यच! एका बाईच्या श्रमावर दोन पिढ्यांचे मालक निश्चिंत झाले. तिच्या पदरी मात्र दोन शेगड्यांची खोली पडली. हे अपरिहार्य आहे असे कोणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये २०११ पासून, पेन्शनचे वय न झालेल्या आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळली, तर तो काळ त्यांच्या राष्ट्रीय विम्याच्या खात्यात जमा धरण्याची सोय आहे. तरतूद लहान आहे, पण तिच्यामागील तत्त्व मोठे आहे : मूल सांभाळणे हे काम आहे.

आता नोटिशीकडे वळावे. अमेरिकेत 'झोनिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूवापराच्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड येथील खटल्यात मान्यता दिली. कारखाने आणि वस्ती वेगळी ठेवणे हा एक हेतू होता. पण स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत भाड्याच्या चाळवजा इमारती येऊ न देणे, हाही होता. त्याच परंपरेतील आजचे नियम दारात वीस फुटांची रिकामी, चकचकीत मोटार उभी करू देतात. त्याच लांबीच्या गाडीत आजी झोपू लागली की गुन्हा घडतो. कारण काय, तर शेजारच्या घरांची किंमत उतरते! कोणी म्हणेल, सांडपाणी, आग, स्वच्छता यांचे काय? हे प्रश्न खरे आहेत, परंतु ते सोडविता येतात. ऑरेगन राज्यातील पोर्टलँड शहराने २०२१ साली घराच्या आवारात एका मोटारघरात राहण्यास रीतसर परवानगी दिली. तेव्हा अडचण नळाची किंवा गटाराची नाही. ती मालमत्तेच्या अहंकाराची आहे. त्याच ऑरेगनमधील ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, सार्वजनिक जागेत मुक्काम ठोकणाऱ्या बेघरांना शिक्षा करण्यास नगरपालिका मोकळ्या आहेत, मग त्यांच्यासाठी निवारा उपलब्ध असो वा नसो. म्हणजे मुलीच्या दारात राहावयाचे नाही आणि रस्त्याच्या कडेलाही नाही. मग म्हाताऱ्या माणसाने राहावयाचे तरी कोठे? सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी साधारणतः चौदा दिवस थांबता येते, मग हलावे लागते. अॅरिझोनात क्वार्टझाइटच्या वाळवंटात १८० डॉलरच्या परवान्यावर सात महिने राहण्याची सोय आहे; पण वाळवंटात नातवंडे नसतात.

आता आपल्या संस्कृतिरक्षकांना उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट, मुलांच्या जवळ पण मुलांच्या घरात नव्हे, अशी इच्छा म्हाताऱ्या माणसाने धरणे यात संस्कृतीचा ऱ्हास नाही. वेगळी चूल, वेगळे दार आणि हाकेच्या अंतरावर लेक, हे अनेकांना हवे असते आणि त्यात दोन्ही पिढ्यांचा स्वाभिमान राहतो. वाईट आहे ते त्या वेगळ्या दाराला चाके असणे, ते थंडीत गोठणे आणि कोणाच्याही तक्रारीवरून हलवावे लागणे. दुसरी गोष्ट, ज्या एकत्र कुटुंबाचा अभिमान मिरविला जातो, त्यातील म्हाताऱ्यांची सेवा कोणाच्या श्रमावर चालली, हे घराघरांतील सुनांना विचारावे. तिसरी गोष्ट, पुण्या-मुंबईचे आईवडील आज काय करीत आहेत? लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी ते पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने अमेरिकेत जातात. आईची मुदत संपली की सासूची सुरू होते. निक्सन यांच्या नकाराची किंमत अशा रीतीने सदाशिव पेठेतील आजीदेखील चुकवीत आहे, आणि तिच्या श्रमाचीही कोठे नोंद नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेने १९८० नंतर जी वाट धरली, त्याच वाटेवर आपले राज्यकर्तेही चालत आले आहेत. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांचे आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या नव्या कर्मचाऱ्यांचे निश्चित पेन्शन काढून घेण्यात आले आणि त्यांची पुंजी बाजाराशी जोडण्यात आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील लक्षावधी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना चंगळखोर ठरविले. त्यानंतर सरकारांना निश्चित पेन्शनची भाषा पुन्हा बोलणे भाग पडले, हा त्या संपाचा विजय नव्हे तर काय? खाजगी कारखान्यांतील कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली ती दरमहा १००० रुपये. दहा वर्षे उलटल्यावरही ती तेवढीच होती. आणि २००७ साली कायदा झाला तो कोणता? तर आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकणारा! मुलगा कृतघ्न असेल तर त्याला न्यायाधिकरणापुढे खेचावे, हे योग्यच. पण मुलगा स्वतःच कंत्राटी कामगार असेल तर न्यायाधिकरण त्याच्याकडून काय वसूल करणार? राज्यसंस्थेने आपली जबाबदारी झटकून ती लेकराच्या मायेवर ढकलण्याचाच हा प्रकार होय.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कर वार्षिक वेतनाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच लागतो. २०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती. कोट्यधीश व्यवस्थापकाची वर्षभराची वर्गणी जानेवारीतच संपते, झाडूवाली मात्र डिसेंबरपर्यंत भरत राहते. ही मर्यादा उठवावी, ही तेथील पुरोगाम्यांची मागणी न्याय्य आहे. सार्वजनिक पाळणाघरे, वृद्धांना परवडणारी भाड्याची घरे, आणि मुलांच्या आवारात कायदेशीरपणे, नळ-विजेसह राहण्याचा हक्क, या तिच्याच जोडीच्या मागण्या होत. आपल्याकडील मागण्या वेगळ्या शब्दांत याच आहेत : महागाईशी जोडलेले किमान पेन्शन सर्व श्रमिकांना, ऊसतोडणी कामगारापासून घरकामगार बाईपर्यंत, आणि वस्तीवस्तीत पूर्ण वेळ चालणारे पाळणाघर.

कार्यकर्त्यांनी एक पथ्य मात्र पाळावे. पेन्शनच्या सभेत कोणी 'पोरांनी सांभाळले पाहिजे' असे म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याला विचारावे की, तुझ्या पोराला नोकरी कायम आहे काय, त्याच्या घराला दुसरी खोली आहे काय, आणि त्याच्या मुलाला दिवसभर कोण पाहते? या तीन प्रश्नांची उत्तरे तो देऊ लागला की सभेचा विषय आपोआप पुढे सरकेल. अमेरिकेतील त्या आजीवर लेकीचे प्रेम कमी नव्हते. लेकीने दार उघडे ठेवले होते, विजेची तार ओढून दिली होती. नोटीस लेकीने काढली नव्हती.